अण्णांचा बिबट्या

शालूबाईंनी लाल पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि अठ्ठावन्नाव्या फॉर्मवर, सातव्या उत्तराखाली, एक रेघ मारली. मग त्याच रेघेवरून पेन पुन्हा फिरवलं. दुसऱ्या खेपेला कागद फाटला.

प्रश्न त्यांचाच होता. 'आपल्या घरात कोणता वन्य प्राणी, पक्षी किंवा त्याचा अवयव आहे काय? असल्यास कोठे?' नववी ब मधल्या एका मुलीनं वळणदार अक्षरात उत्तर लिहिलं होतं, 'बिबट्या. एक. हॉलमध्ये, रेडिओच्या वर. आजोबांनी मारला.' आठवा प्रश्न होता, या वस्तूची वनखात्याकडे नोंद केली आहे काय. तिथं एकच शब्द होता, 'नाही'.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह साजरा करावा, असं परिपत्रक शाळेत आलं होतं. बेळगावातल्या बाकीच्या शाळांनी निबंधस्पर्धेवर भागवलं. शालूबाईंना विज्ञान शिकवून आठ वर्षं झाली होती, तरी त्यांची हौस अजून फिटली नव्हती. त्यांनी नऊ प्रश्नांचा फॉर्म सायक्लोस्टाइल करून मुलांच्या हाती दिला आणि घरातल्या मोठ्यांना विचारून भरून आणायला सांगितलं. एकशे बारा फॉर्म परत आले. शहरात वन्य प्राणी आहेत काय, या पहिल्याच प्रश्नाला नव्वद घरांनी ठणकावून 'नाहीत' म्हणून सांगितलं. वन्य प्राणी खानापूरच्या जंगलात असतात, एवढी अक्कल बाईंना असायला हवी होती, असा त्या उत्तरांचा सूर होता. माकडांबद्दल बहुतेकांचं मत असं, की ती देवाचं रूप आहेत, कौलं फोडतात आणि पकडून दुसऱ्याच्या गावात नेऊन सोडावीत. सापाबद्दल एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'पंचमीला पूजतो, एरवी मारतो.' एक्केचाळीस घरांत पिंजऱ्यातला पोपट होता. गव्याच्या शिंगांवर छत्र्या टांगलेल्या होत्या, साळिंदराच्या काट्यानं भांग पाडले जात होते आणि घोरपडीचं तेल तर गुडघे दुखणाऱ्या प्रत्येक घरी होतं. शिक्षकांच्या खोलीत शालूबाई एकेक उत्तर वाचून दाखवत होत्या आणि सगळे पोट धरून हसत होते.

अठ्ठावन्नावा फॉर्म त्यांनी वाचून दाखवला नाही. वर मुलीच्या आजोबांचं नाव होतं, मारुतीराव, लाकडाच्या वखारीचे मालक.

हा बिबट्या सगळ्या बेळगावला माहीत होता. बासष्ट साली तो हिंडलग्याच्या बाजूनं शहराच्या अंगाशी आला, दोन वासरं खाल्ली, आणि मारुतीराव अण्णांनी त्याला लोळवला. बंदूक टेकवून, बिबट्यावर पाय ठेवून काढलेला त्यांचा फोटो खडेबाजारातल्या स्टुडिओच्या काचेत कितीतरी वर्षं होता. त्या फोटोवर अण्णा नगरपालिकेत निवडून आले, असंही लोक म्हणत.

शालूबाईंच्या घरी हीच गोष्ट निराळी सांगितली जाई. रान उठवायला वस्तीतली माणसं बोलावायची, ही त्या काळची रीतच होती. कुणी विचारत नसे, सांगितलं जाई. चौदा माणसं डबे वाजवत निघाली, त्यांत शालूचे वडील सत्याप्पा होते. खूण व्हायच्या आधीच अण्णांनी बार टाकला. गोळी पोटात लागली आणि चवताळलेलं जनावर उलटं फिरून हाकाऱ्यांच्या रांगेवर आलं. त्यानं सत्याप्पाचा गुडघा चावून काढला, वीस पावलं गेलं आणि पडलं. मग अण्णांची जीप आली. जीपमध्ये बिबट्या घातला, कारण उजेड होता तोवर फोटो व्हायला हवा होता. सत्याप्पाला बांधावर चिंचेखाली ठेवलं. दिवस मावळताना कुणाची तरी बैलगाडी मिळाली. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत रात्र झाली आणि चार दिवसांनी पाय मांडीपासून कापावा लागला.

महिन्याभरानं अण्णांनी सगळ्या हाकाऱ्यांना बक्षीस म्हणून नव्या कोल्हापुरी चपला पाठवल्या. सत्याप्पालाही जोड आला, दोन्ही पायांचा. तेव्हा शालू नऊ वर्षांची होती. चपलांचा तो जोड बघून आई हसली होती आणि हसता हसता तिनं भिंतीवर डोकं आपटून घेतलं होतं. शालूबाईंना अण्णांचा राग होता असं म्हणणं कमी पडेल. त्या रागावर त्या शिकल्या होत्या. दिव्याखाली डोळे मिटायला लागले की त्या चपला आठवायच्या आणि पुढचं पान उलटायच्या. बी.एस्सी., बी.एड. सगळं त्यावर झालं.

त्या संध्याकाळी हिंडलग्याला घरी गेल्यावर त्यांनी वडिलांना विचारलं. सत्याप्पा बुद्धविहारासमोरचं अंगण झाडून आले होते. एका काखेत कुबडी आणि दुसऱ्या हातात खराटा, असं ते रोज झाडत आणि मदतीला कुणी गेलं तर चिडत.

"आप्पा, त्या बिबट्याला नेमकं मारलं कुणी?"

"अण्णानी," सत्याप्पा म्हणाले. "गोळी त्येंचीच हुती. खोटं कशाला बोलू?"

त्यांचं हे असंच होतं. शालूबाईंना वाटे, या माणसानं एकदा तरी खोटं बोलावं. जनावर आपल्या हातानं मेलं म्हणावं, अण्णा घाबरून पळाले म्हणावं, काहीतरी म्हणावं. पण सत्याप्पा साखरेच्या पुड्याचा दोराही दुकानदाराला परत करणारे. खोटं बोलून जायला आपल्याला दुसरा पाय कुठं आहे, असं म्हणून तेच हसत. शालूबाईंच्या आईला, पारूबाईंना, ती थट्टा कधीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शालूबाई मारुतीरावांच्या बंगल्यावर गेल्या. प्रदर्शन भरवायचं हेडमास्तर परशराम सरांनी आधीच मान्य केलं होतं. शहरात ज्यांच्याकडे शिंगं, कातडी, पेंढा भरलेले प्राणी आहेत त्यांनी ते मुलांना बघायला द्यावेत, ही कल्पना मात्र शालूबाईंची. सरांना ती फार आवडली. मुलांच्या मनात प्राण्यांविषयी प्रेम उत्पन्न होईल, असं ते म्हणाले. गंमत म्हणजे हे म्हणताना ते अजिबात थट्टा करत नव्हते. ज्यानं त्यानं आपापलं प्रेम खिळ्याला टांगून ठेवलेलं होतं आणि ते चारचौघांत मिरवायला मिळणार म्हणून सगळे खूश होते. मुदतीत नोंद करायचा कायदा येऊन बारा वर्षं होत आली होती, ही गोष्ट तेवढी कुणाच्या गावी नव्हती.

मारुतीराव आता अडुसष्टचे होते. अंगानं सुटले होते, पण आवाज तोच होता. दर शनिवारी ते देवळापाशी माकडांना केळी घालत आणि त्यावरून लोक त्यांना प्राणिमित्र म्हणू लागले होते. त्यांनी शालूबाईंना कोचावर बसवलं आणि चहा मागवला. बिबट्या रेडिओच्या वर पसरलेला होता. डोकं पेंढा भरून पुढं काढलेलं, एक काचेचा डोळा गळालेला.

"बाई कुठल्या म्हणायच्या आपण?"

"हिंडलग्याच्या."

"अहो, मग हा तुमच्या गावचाच की!" मारुतीराव खुलले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पाऊण तास लागला. त्यात बिबट्या आठ फुटांचा झाला, अंधार पडला, बाकीचे सगळे पळाले आणि अण्णा एकटे उरले.

"कुणी जखमी झालं का?" शालूबाईंनी विचारलं.

"एक गडी झाला होता जरा. जनावर त्याच्या अंगावर होतं, मी बार टाकला म्हणून वाचला. नाव काय बरं त्याचं... मष्णू की कायसं."

शालूबाईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला. जीभ भाजली. मग त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, की बिबट्या मधल्या टेबलावर ठेवू, पुढं पाटी लावू, आणि अध्यक्षस्थानी अण्णाच असले पाहिजेत. पाटीवर काय लिहायचं ते अण्णांनी स्वतः सांगितलं. 'शिकार: मारुतीराव, हिंडलगा, सन १९६२.' शालूबाई लिहून घेत होत्या, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं.

"आणि खाली लिहा, एकाच गोळीत."

घरी जाऊन शालूबाईंनी वनखात्याला पत्र लिहिलं. निनावी लिहायचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. पूर्ण नाव, हुद्दा, शाळेचा पत्ता आणि खाली लफ्फेदार सही. अमुक तारखेला अमुक वेळी आमच्या प्रदर्शनात नोंद नसलेलं बिबट्याचं कातडं असेल, तरी प्रत्यक्ष येऊन खात्री करावी. त्या पोरीचा फॉर्म मात्र त्यांनी पत्राला जोडला नाही. तिनं खरं लिहिलं होतं, तिला यात ओढायचं नव्हतं. तो त्यांनी फाडून चुलीत घातला आणि जळेपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

त्यांना काय हवं होतं, हे त्यांना नीट ठाऊक होतं. कैद किती, दंड किती, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. भरलेल्या हॉलमधून, सगळ्या बेळगावच्या देखत, मारुतीराव मान खाली घालून वनखात्याच्या माणसांबरोबर बाहेर पडताना त्यांना बघायचे होते. तेवढं एकदा दिसलं की झालं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्या ते पुन्हा पुन्हा बघत आणि प्रत्येक वेळी मारुतीरावांना दारापर्यंत पोचायला जरा जास्तच वेळ लावत.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बिबट्या हातगाडीवरून आला. टेबलावर पसरताना शालूबाईंच्या बोटांना पोटाच्या बाजूला शिवण लागली. रुपयाएवढं भोक, तपकिरी दोऱ्यानं रफू केलेलं. आप्पा खरंच बोलत होते. त्यांना त्या क्षणी आप्पांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. भिंतींवर मुलांनी रंगवलेले 'प्राणी वाचवा' असे तक्ते होते आणि तक्त्यांखाली ओळीनं वाचू न शकलेले प्राणी होते. गव्याची तीन डोकी, सांबराची सात शिंगं, एक मगर, एक उदमांजर, आणि कुणाचा तरी वाघाचा पंजा, ज्यात सिगारेटची राख झाडायची सोय होती. लोक नावं वाचत होते, अमक्याचं सांबर मोठं की तमक्याचं, यावर पैजा लागत होत्या. मधल्या टेबलाभोवती सगळ्यांत जास्त गर्दी होती.

त्या गर्दीत शालूबाईंना कुबडी दिसली. त्यांनी घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. पण हिंडलग्याहून मुलं शाळेत येत होती आणि बातमीला बस लागत नाही. सत्याप्पा धुतलेलं धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून आले होते. मागं पारूबाई पदर ओढून उभ्या होत्या. सत्याप्पा बिबट्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला.

"ल्हान दिसतोय गं," ते बायकोला म्हणाले. "त्या दिशी लई मोठा हुता."

शालूबाईंना त्यांना बाहेर पाठवायचं होतं. आप्पांसमोर हे घडावं असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. पण तोवर परशराम सरांनी माइक हातात घेतला होता, अण्णांच्या गळ्यात हार पडला होता आणि दारात खाकी कपडे दिसले होते. वनखात्याचे अधिकारी देवाप्पा साहेब दोन गार्ड घेऊन आले होते.

अध्यक्षीय भाषण वीस मिनिटं चाललं. मुक्या जीवांवर दया करा, असं मारुतीराव म्हणाले. देवाप्पा साहेब मुलांच्या मागं उभं राहून ऐकत होते आणि रुमालानं मान पुसत होते. भला माणूस होता. मोठ्या माणसाशी वाकडं घ्यायची त्यांना हौस नव्हती, पण सही असलेलं पत्र आवक नोंदवहीत चढलं होतं. टाळ्या थांबल्यावर ते व्यासपीठाशी गेले आणि मारुतीरावांच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले. मारुतीराव उठून आतल्या खोलीकडे निघाले.

"साहेब," शालूबाईंनी माइक ओढून घेतला, "काय विचारायचं ते इथंच विचारा. मुलांना कायदा कळू दे. कार्यक्रम त्यासाठीच आहे."

देवाप्पा साहेबांनी नाइलाजानं विचारलं, की या कातड्याची नोंद केल्याचा दाखला आहे काय.

मारुतीराव हसले. बिबट्याचा काय जन्मदाखला काढायचा, असं त्यांनी विचारलं आणि लोकही हसले. साहेब हसले नाहीत. असं कातडं नोंदीशिवाय बाळगणं हा गुन्हा आहे, कैद होऊ शकते, असं त्यांनी तोडक्या मराठीत सांगितलं. शेवटी ते जरा चाचरत म्हणाले, की अशी केस झाली तर वखारीच्या परवान्याचंही अवघड होईल, कारण तो परवानाही आमच्याच खात्याचा असतो.

मारुतीरावांचं हसू तोंडावरच वाळलं. कैदेचं त्यांना फारसं काही वाटलं नसावं, वकील होते. पण वखार म्हणजे तीन पिढ्यांचं घर होतं. ते टेबलाशी आले आणि बिबट्याकडे असे बघू लागले की जणू तो आत्ताच, आपला आपण, तिथं येऊन बसला आहे. शालूबाई बघत होत्या. त्यांनी रात्री पाहिलं होतं त्यापेक्षाही हे चांगलं चाललं होतं.

मग मारुतीरावांची नजर टेबलाच्या पलीकडे गेली. कुबडी, रिकामं लोंबणारं धोतर, आणि वर एक म्हातारा चेहरा. हा कोण, हे त्यांना उमगायला वेळ लागला. उमगलं तसा त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

"साहेब, गैरसमज होतोय," ते म्हणाले. "कातडं माझं नव्हंच. हा बिबट्या ह्यानं मारला. बघा, पाय गेला बिचाऱ्याचा त्यात. गरिबाच्या खोपटात ठेवणार कुठं, म्हणून मी आपलं सांभाळलं."

"ह्यांचं नाव?"

मारुतीरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"सत्याप्पा," सत्याप्पांनी सांगितलं.

खोटं आहे, असं ओरडायला शालूबाई पुढं झाल्या. सत्याप्पांनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला, लहानपणी गप्प करायला करत तसा. दुसरा हात बिबट्याच्या पोटावर होता. तळवा बरोबर त्या रफूवर पडला होता आणि बोटं घट्ट मिटली होती.

"व्हय साहेब," सत्याप्पा म्हणाले. "मीच मारला. कुऱ्हाडीनं."

पारूबाईंनी पदर तोंडाशी नेला. त्यांच्या संसारात हे वाक्य पहिल्यांदा ऐकू येत होतं. देवाप्पा साहेबांनी मोकळा श्वास सोडला, गळ्यातलं लोढणं आपसूक निघत होतं. त्यांनी विचारायचं म्हणून विचारलं, की मुदतीत नोंद का केली नाही.

"मला कुठलं ठावं, साहेब? शिकलोय कुठं मी? केस घालायची तर घाला. एक पाय हाय, न्याल तिथं येतो."

साहेब म्हणाले, तसं काही होणार नाही, कातडं सरकारजमा करू, समज देऊ. ते वही मिटू लागले.

"पर असं तोंडी नको," सत्याप्पा म्हणाले. "अण्णास्नी लिवून द्याय लावा. उद्या कुणी म्हणंल, म्हातारा लबाड बोलला."

यात गैर काहीच नव्हतं. उलट साहेबांच्या कामाचंच होतं. त्यांनी वही पुन्हा उघडून कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या.

"मराठीत पायजे," सत्याप्पा म्हणाले. "हितल्या समद्यांस्नी कळाय पायजे. तुमच्या फायलीत तुमचं कन्नड ऱ्हाऊ द्या. शालू, तू लिव. मी सांगतो."

साहेबांनी सरी, सरी म्हणत मान हलवली आणि मारुतीरावांकडे बघितलं. मारुतीरावांनीही हलवली. त्यांना घाई झाली होती.

शालूबाईंनी कागद घेतला. आप्पांनी हातात आलेली शिकार सोडून दिली, असं त्यांना वाटत होतं. बावीस वर्षं घासून धार लावलेली गोष्ट म्हाताऱ्यानं एका शब्दात बोथट केली. आता मारुतीराव हार घालून घरी जाणार होते आणि शनिवारी माकडांना केळी घालणार होते. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

"लिव, अण्णांच्या नावानं," सत्याप्पा म्हणाले. "ह्यो बिबट्या मी मारला न्हाय."

शालूबाईंनी ते शुद्ध करून लिहिलं.

"माझी गोळी त्येला लागलीच न्हाय."

शालूबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर करून वडिलांकडे बघितलं. सत्याप्पांचा चेहरा अंगण झाडताना असायचा तसाच होता, एकही पान राहू नये म्हणून बघणारा.

"आप्पा, पण हे..."

"लिव."

त्यांनी लिहिलं. नंतरची वाक्यं सत्याप्पा सावकाश सांगत गेले. बिबट्या हिंडलग्याच्या सत्याप्पानं मारला. त्याचा पाय त्यात गेला. त्याला चिंचेखाली टाकून आपण बिबट्या जीपमधून फोटोला नेला. फोटो काढून घेतला तो खोटा. बावीस वर्षं आपण लोकांना खोटं सांगत आलो.

"हे काय चाललंय?" मारुतीराव एकदम म्हणाले. "खोटं कशाला लिहायचं त्यात? साहेब, एवढं कशाला?"

"मग खरं काय ते लिवू," सत्याप्पा म्हणाले. "अण्णा, तुमीच सांगा. कुणी मारला?"

मारुतीरावांनी पाटीकडे बघितलं, बिबट्याकडे बघितलं, देवाप्पा साहेबांच्या खाकी सदऱ्याकडे बघितलं. पुढच्या रांगेत त्यांच्या वखारीतली माणसं होती, नगरपालिकेतले जुने सोबती होते, आणि नववी ब ची ती मुलगी होती. साहेबांनी हलकेच त्यांच्या दंडाला हात लावला आणि सही करा अण्णा, मिटून जाऊ दे, असं पुटपुटले. परवाना साहेबांच्याच टेबलावरून जायचा होता.

मारुतीरावांनी सही केली. पेन शालूबाईंचंच होतं, लाल. सही करताना त्यांनी पहिल्यांदाच बाईंच्या तोंडाकडे नीट बघितलं, मग सत्याप्पांच्या, मग पुन्हा बाईंच्या.

देवाप्पा साहेब कागद घ्यायला पुढं झाले. सत्याप्पांनी कुबडी आडवी धरली, अगदी सहज.

"आदी वाचून दावू द्या, साहेब. म्या आडाणी माणूस. त्यात काय लिवलंय ते मला अण्णांच्या तोंडनं ऐकू द्या."

मारुतीरावांनी चष्मा लावला. हार अजून गळ्यातच होता, तो त्यांनी एका हातानं बाजूला सारला आणि वाचायला सुरुवात केली. वीस वर्षं सभा गाजवलेला तो आवाज दुसऱ्या ओळीला बसला. तिसरी ओळ पहिल्या रांगेलाही धड ऐकू गेली नाही. चिंचेच्या ओळीशी ते अडखळले, ती त्यांनी गाळायचा प्रयत्न केला, आणि शालूबाईंनी कागदावर बोट ठेवलं. ते वाचून झालं तेव्हा मागच्या बाकांवर कुणीतरी दुसऱ्याला काय म्हणाले म्हणून विचारत होतं.

मारुतीरावांनी चष्मा काढला आणि कागद साहेबांच्या पुढं केला. सत्याप्पांनी बिबट्यावरचा हात अजून उचलला नव्हता.

"मागच्यास्नी ऐकू गेलं न्हाय, अण्णा," ते म्हणाले.

शालूबाईंनी माइक उचलून मारुतीरावांच्या पुढं ठेवला. मारुतीरावांनी चष्मा पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.